एकसष्टनंतरचा श्वास

"सर, आप इकसठ के बाद साँस लेते हैं," मीना म्हणाली, आणि सुधाकर सरमंडलला आधी वाटलं, ही पोरगी आपल्या तब्येतीबद्दल काहीतरी विचारते आहे. तास संपला होता, वर्ग रिकामा झाला होता, तो हाताला लागलेला खडू झटकत टेबलापाशी उभा होता. तिच्या हातात सूचनाफलकावरून उतरवून घेतलेला कागद होता. लोकविद्या महाविद्यालयात विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आता निवडणुकीने ठरत नसे. मागे एकदा डोकी फुटली, तेव्हापासून ते बंदच झालं होतं. मागल्या वर्षी ज्याला सगळ्यांत जास्त मार्क, त्याला नेमायचं. अट एकच, प्रत्येक विषयात पंचाहत्तर टक्के हजेरी. मीना सोलंकी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेजात पहिली आली होती. तिची हिंदीतली हजेरी नव्वद टक्के होती, समाजशास्त्रातली अठ्ठ्याऐंशी, आणि राज्यशास्त्रातली, म्हणजे सुधाकरच्या विषयातली, अठ्ठावन्न. यादीत तिच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलेलं होतं आणि खाली सुधाकरची सही होती. "साठ, इकसठ, फिर आप रुकते हैं," ती सांगत राहिली, "साँस लेते हैं. उसके बाद बासठ से अस्सी तक इतनी जल्दी बोलते हैं, कि हम 'जी सर' बोलें तब तक आप दो नंबर आगे. मेरा चौहत्तर है. मैं रोज़ आई हूँ, सर." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ताजपूरहून येणारी पॅसेंजर किती वाजता पोचते, हे सांगावं तसं ती सांगत होती. सुधाकर म्हणाला, "देखता हूँ." ती "जी" म्हणून निघून गेली.

बाहेर पडल्यावर त्याला आधी राग आला. रागाचं बरं असतं, विचार करावा लागत नाही. सव्वीस वर्षं तो या कॉलेजात शिकवत होता. दरवर्षी जुलैत राज्यघटनेतला समतेचा भाग तो असा शिकवायचा की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी येऊन उभी राहायची. एकदा तर मागच्या बाकावरचा एक मुलगा डोळे पुसताना दिसला होता, आणि तो दिवस सुधाकरने कितीतरी महिने जपून ठेवला होता, कुणाला न सांगता. आणि परवाच, बाहेरून मूल्यांकनाची समिती येणार म्हणून कॉलेजने जो अहवाल तयार करायला घेतला होता, त्यातलं नेतृत्व आणि सर्व घटकांचा सहभाग हे प्रकरण त्याच्याकडेच आलं होतं. दुसरं नावच कुणी सुचवलं नव्हतं. 'महाविद्यालयातील सर्व समाजघटकांना नेतृत्वाची समान संधी उपलब्ध आहे' हे वाक्य त्याने स्वतः लिहिलं होतं, हिंदीत, आणि लिहून झाल्यावर ते त्याला बरं वाटलं होतं. टावर चौकात नव्या संगणक-क्लासची पाटी चढवत होते, दोन माणसं शिडीवर आणि चार खालून सांगणारी. तो थोडा वेळ तिथे उभा राहिला. मग त्याला एकदम सुटल्यासारखं झालं. पान! हजेरीपटाचं पान तिथे उलटत असणार. पान उलटताना माणूस थांबतोच, त्यात कसला आला श्वास. माधव नगरच्या वळणापर्यंत तो जवळजवळ खुशीत चालत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने हजेरीपट उघडला. एका पानावर चाळीस ओळी होत्या. पान उलटत होतं ते चाळीसनंतर, आणि मग थेट ऐंशीला. एकसष्ट आणि बासष्टच्या मध्ये होती ती फक्त एक बारीक, लाल पेन्सिलीने मारलेली रेघ. ती रेघ ऑफिसातले मुख्य लिपिक, बडे बाबू दिलीप, मारायचे, दरवर्षी, पट्टी ठेवून. राखीव जागांवरच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज जिल्हा कार्यालयातून उशिरा येत, म्हणून त्यांची नावं पटाच्या शेवटी जात, आणि मोजायला सोपं पडावं म्हणून वर रेघ. ही पद्धत सुधाकर यायच्या आधीपासूनची होती. त्याने सुरू केलेली नव्हती. बंद करावी असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. खरं म्हणजे ती आहे हेच त्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. बरं, रेघ तर रेघ. रेघेपाशी डोळा अडतो, डोळा अडला की जीभ अडते. पण मग पुढची घाई? रेघेने माणूस थांबेल. धावायला कशाला लागेल? त्याने शेवटच्या एकोणीस ओळींवरून बोट फिरवलं. वरच्या एकसष्ट नावांपुढे 'उ', 'उ', 'उ', उपस्थित, मधूनच एखादा 'अ'. रेघेच्या खाली 'अ' इतके दाट होते की लांबून पाहिलं तर पानाचा तेवढा भाग वेगळ्या हाताने लिहिल्यासारखा दिसत होता. हात त्याचाच होता.

त्या दिवशी तासाला त्याने स्वतःवर नजर ठेवून हजेरी घ्यायचं ठरवलं. ते जमेना. पन्नासच्या आसपासच त्याला आपला श्वास ऐकू यायला लागला, मग आकडे आणि श्वास एकमेकांत अडकले, छप्पन्न दोनदा म्हटला गेला, मुलं हसली. एकसष्ट आला. तो थांबला नाही, किंवा त्याला वाटलं की तो थांबला नाही. पण बासष्ट म्हणताना आवाज उगाचच मोठा निघाला, आणि त्या मोठ्या आवाजाने मागच्या दोन रांगांमधली मुलं दचकून ताठ बसली. चौऱ्याहत्तरला "जी सर" आलं, स्वच्छ. त्याने वर पाहिलं नाही. आणि मग दिवसभर तो जिथे तिथे स्वतःला ऐकत राहिला. भाजीवालीला पैसे देताना, चपराशाला हाक मारताना, ग्रंथपाल वर्मांशी बोलताना आणि संस्कृतच्या पुराणिकबाईंशी बोलताना त्याला आपल्या बोलण्यात बारीक बारीक उंबरे असल्यासारखं वाटायला लागलं. इतकी वर्षं आपण ते ओलांडत होतो आणि पायाला कळत होतं, आपल्याला नाही.

जुने हजेरीपट लायब्ररीच्या मागच्या खोलीत होते. ग्रंथपाल गोपाळ वर्मा त्याचाच जुना विद्यार्थी, चौऱ्याहत्तर सालचा, बी.ए. करून इथेच चिकटला आणि वाढत वाढत ग्रंथपाल झाला. वीस वर्षं दोघं एकमेकांना रोज भेटत होते, गोपाळच्या मुलीच्या लग्नात सुधाकर पहिल्या पंगतीला जेवला होता. गोपाळने खुर्चीवर चढून गठ्ठे खाली काढून दिले आणि कशाला हवेत ते विचारलं नाही. सुधाकरने एकामागून एक पट उघडले. त्र्याण्णव साली रेघ अठ्ठावन्ननंतर होती. ब्याऐंशी साली एक्कावन्ननंतर. जिथे रेघ, तिथून खाली 'अ' दाटलेले. चौऱ्याहत्तर साली रेघ त्रेचाळीसनंतर होती आणि सत्तेचाळीस नंबरला गोपाळ वर्मा होता, आणि त्याच्यापुढे मात्र 'उ', 'उ', 'उ', जवळजवळ अखंड. सुधाकरला इतकं हायसं वाटलं की तो बोलून गेला, "ये देखो गोपाळ, तुम तो रोज़ हाज़िर हो." गोपाळ हसला. "हमको तो सीनियर लोगों ने सिखाया था, सर. बोले थे, सरमंडल सर बयालीस बोलें तब से मुँह खोल के रखना. साँस छूटी कि 'जी' चालू कर देना, अपना नंबर आने से पहले. मैं पक्का हो गया था. बाद में मैंने भी सिखाया जूनियरों को." म्हणजे दरवर्षी नवीन मुलं यायची आणि जुनी मुलं त्यांना शिकवायची. राज्यशास्त्र सुधाकर शिकवत होता, आणि ती मुलं त्याचाच अभ्यास करत होती. "मुझे बताया क्यों नहीं?" त्याने विचारलं. त्याचं त्यालाच ते पोरकट वाटलं. गोपाळ म्हणाला, "आप तो अच्छे थे, सर. आपको क्या बताते." हे त्याने खरोखर मनापासून म्हटलं होतं. नंतर कितीतरी दिवस सुधाकरला मीनाचं बोलणं इतकं टोचलं नाही, जितकं हे टोचलं.

मग गोपाळनेच पटावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. जयराम, एक्कावन्न. ओळभर 'अ'. "ये मेरे बाजू में बैठता था. हकलाता था थोड़ा. 'जी' निकलता ही नहीं था टाइम पे." फायनलला हजेरी कमी म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. तो मिलमध्ये लागला, नंतर मिल बंद पडली. आता देवास रोडला सायकलची पंक्चरं काढतो. सुधाकरने डोळे मिटून त्या वर्गात जायचा प्रयत्न केला. त्याला खिडकी आठवली, खिडकीबाहेरची विटांची रास आठवली, पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी, तिच्या रिबिनीसुद्धा आठवल्या. एक्कावन्न नंबरच्या जागी काहीच नव्हतं, चेहरा नाही, शर्ट नाही, अडखळणारा आवाज नाही. सबंध वर्षभर एक मुलगा त्याच्यासमोर तोंड उघडून बसला होता. "मैं मिल के आता हूँ उससे," सुधाकर म्हणाला. गोपाळने पट मिटला, वरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. "मत जाइए, सर," तो शांतपणे म्हणाला. "वो क्या करेगा आपके आने का?"

त्या रात्री नाही, दोन-तीन दिवसांनी, सकाळी दाढी करताना त्याला वडिलांची सायकल आठवली. वडील रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. शाळेत सोडताना ते त्याला पुढच्या दांडीवर बसवत आणि नेहमीच्या रस्त्याला गर्दी असली की मागच्या वस्तीतून सायकल काढत. तिथे कातडी कमावायचे. वास सुरू व्हायच्या जरा आधी वडील वरून म्हणायचे, "धर!" आणि तो नाक-तोंड मिटून श्वास धरायचा, वस्ती संपली की एक कडुनिंब होता, तो आला की म्हणायचे, "सोड." मधल्या भागात वडील जोरात पाय मारायचे. खेळच होता तो. वडील कधी कुणाला वावगं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्या वस्तीतली माणसं त्याने पाहिली असतील, पण श्वास धरलेला असताना डोळ्यांना काही दिसत नाही, छातीतच सगळं लक्ष असतं. आधी श्वास, मग घाई. त्याने ब्रश खाली ठेवला. सापडलं, असं त्याला वाटलं, आणि वाटताक्षणी त्याचा संशयही आला. इतकं सरळ कुठे असतं? कडुनिंब खरा होता, पण "सोड" हा शब्द वडील म्हणत होते, की आत्ता, या आरशापुढे, त्याने त्यांच्या तोंडी घातला? आपल्या हातून झालेलं वडिलांच्या सायकलवर टाकून देणं किती सोयीचं होतं. गालावरचा साबण वाळत चालला होता. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांना काही विचारता येत नव्हतं, आणि जयरामला विचारायला तोंड नव्हतं.

बायकोला, उषाला, त्याने जेवताना सांगितलं. उषा सरकारी कन्या शाळेत गणित शिकवायची, आणि घरातही ऐकून घेताना मध्ये बोलायची नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "केतकीच्या वेळेस तर तुम्ही किती चिडून राहिले होते." ते खरं होतं. मुलीला, केतकीला, पुण्याला शिकायला पाठवलं त्या पहिल्या महिन्यात एसटीडी बूथवरून तिचा रडत फोन आला होता. ती बोलायला लागली की खोलीतल्या मुली एकमेकींकडे बघतात, 'करून राहिले' म्हटलं की हसतात, आणि मग तिला पुन्हा म्हणायला लावतात. सुधाकरने त्याच दिवशी होस्टेलच्या बाईंना चार पानी पत्र लिहिलं होतं. भाषेवरून माणसाला बाहेरचं ठरवणं म्हणजे काय असतं, त्याने केवढा घाव बसतो, असं सगळं त्यात होतं. फार चांगलं पत्र झालं होतं. "मग आता काय करू?" त्याने विचारलं. उषाने ताटं उचलली. "माझ्याकडून विचारून नका घेऊ. मी हो म्हटलं तर उद्या म्हणाल, उषाने सांगितलं. नाही म्हटलं तरी तेच म्हणाल. तुमची सही आहे, तुम्ही बघा." मग मोरीकडे जाता जाता थांबून, जरा मऊ आवाजात, "प्रिन्सिपलचं मात्र मग विसरून जा. ते धरून नका ठेवू मनात."

कारण तेही होतं. प्राचार्य डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते आणि जागा सुधाकरला मिळणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, त्यानेही. चूक आपली आहे, तसं लिहून देतो, असं तो प्राचार्यांजवळ बोलला होता; संस्थेचे अध्यक्ष भय्यासाहेब फणसे यांनी त्याला घरी बोलावलं तेव्हा त्यांना सगळं आधीच समजलेलं होतं. भय्यासाहेबांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी कारकून म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. बोलणं गोड, माणूस कामाचा. मीना अपात्र ठरली तर पुढचं नाव त्यांच्या पुतण्याचं, रुचिरचं होतं, पण त्यासाठी त्यांनी बोलावलं नव्हतं. "रुचिरला तर क्रिकेटमधून फुरसत नाही," ते हसत म्हणाले, "त्या मुलीला करा खुशाल अध्यक्ष. चांगलंच दिसेल समितीसमोर, मी तर म्हणतो फोटो पण काढून घ्या. फक्त तुम्ही जे लिहून देणार म्हणता ना, त्याची जरूरत नाही. लिपिकाकडून नोंदीत चूक झाली, असं एका ओळीत लिहा, मी मंजूर करतो. मुलीचं काम झालं, कॉलेजचं नाव राहिलं, तुमचं पण राहिलं." सुधाकर म्हणाला, "पण दिलीपबाबूंनी नोंदी केल्याच नाहीत. पट माझ्या हातचा आहे." "अहो सरमंडल, बडे बाबूला एक मेमो मिळेल, फाइलमध्ये पडून राहील. तो काही मनाला लावून नाही घेणार." भय्यासाहेबांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही जे म्हणता ते लिहिलं, तर वाचणारा काय समजेल? की या कॉलेजात सव्वीस वर्षं असं चाललं. आणि चाललं का तसं? तुमच्यासारखा माणूस असताना?" तो प्रश्न भय्यासाहेबांनी उत्तरासाठी विचारला नव्हता. सुधाकर मात्र त्याचं उत्तर शोधत बसला, आणि चहा निवला.

त्याला ती एक ओळ आवडली होती, हे तो स्वतःपासून लपवू शकला नाही. घरी येईपर्यंत त्याने ती मनात तीन वेळा जुळवली होती. मुलीला न्याय मिळत होता, मग तो कोणत्या शब्दांतून मिळाला याने काय फरक पडतो? दुसऱ्या दिवशी त्याने मीनाला बोलावून सांगितलं, तुझं काम होईल, नोंदीत चूक होती. ती व्हरांड्यात उभी होती, खांद्याला कापडी पिशवी, पावलांवर स्टेशनपासूनच्या रस्त्याची धूळ. "किसकी ग़लती, सर?" तिने विचारलं. सुधाकर म्हणाला, "ऑफिस की. क्लर्क की." तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "दिलीपबाबू तो मेरा स्कॉलरशिप का फॉर्म तीन बार इंदौर तक लेके गए थे." एवढंच. नाही म्हणाली नाही, रागावली नाही. आपला तास आहे म्हणून गेली. त्यापेक्षा तिने काहीतरी लागट बोललेलं सुधाकरला चाललं असतं.

तो स्टाफरूममध्ये आला आणि कागद घेऊन बसला. लिहायला एकच पान लागलं, पण वेळ अडीच तास. पहिल्यांदा 'अनवधानाने' लिहिलं, मग खोडलं, कारण अनवधान सव्वीस वर्षं टिकत नाही. मग 'जातीय पूर्वग्रहामुळे' लिहिलं, तेही खोडलं. ते खोटं नव्हतं, पण ते भाषणातलं होतं, आणि त्याला भाषणातल्या शब्दांची आता भीती वाटत होती. शेवटी राहिलं ते असं: हजेरी घेताना मी राखीव यादीपाशी थांबतो आणि पुढचे क्रमांक घाईने वाचतो. त्यामुळे हजर असलेल्यांची उत्तरं मला ऐकू येत नाहीत आणि मी त्यांना अनुपस्थित लिहितो. हे मी अनेक वर्षं केलं आहे. जुन्या पटांतही ते दिसतं. बासष्ट ते ऐंशी या क्रमांकांची माझ्या विषयाची हजेरी ग्राह्य धरू नये. यात कार्यालयाची चूक नाही. खाली सही. कागद नेऊन देताना त्याला मोठं काही केल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आवक नोंदवून घेणारा माणूस जेवायला गेला होता, त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर सुधाकर वीस मिनिटं कागद हातात धरून उभा राहिला.

पुढचं सगळं फाइलींच्या चालीने झालं. मीना अध्यक्ष झाली. तिच्याबरोबर त्या एकोणीस जणांतल्या आणखी पाच जणांचा परीक्षेचा अडथळा निघाला, आणि हे पाच जण अडलेले आहेत हे सुधाकरला तोवर माहीतही नव्हतं. त्याला संस्थेकडून लेखी समज मिळाली, मोजून सहा ओळींची. जानेवारीत पुराणिकबाई, संस्कृतच्या कल्पना पुराणिक, प्राचार्य झाल्या. स्टाफरूममध्ये कुणी त्याला टाळलं नाही, पण तो आत आला की बोलणं किंचित थांबायचं आणि मग जरा घाईने सुरू व्हायचं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा त्याला हसूच आलं. दिलीपबाबू आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस म्हणाले, "रेखा तो मैं ही खींचता था, सर. वो भी लिख देते." नवीन पट अक्षरांच्या क्रमाने लागले. सोलंकी, मीना आता कुठेतरी शर्मांच्या आणि श्रीवास्तवांच्या पुढेमागे होती, आणि सुधाकर नंबर न पुकारता नावं पुकारायला लागला होता. त्यात तो अडखळायचा. काही नावं त्याच्या तोंडात पहिल्यांदाच येत होती.

मूल्यांकन समिती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. बाहेरगावचे तिघं जण, दोन पुरुष आणि एक बाई. सभागृहात विद्यार्थ्यांशी बोलणं होतं. सुधाकर चौथ्या रांगेत बसला, शेजारी गोपाळ. अहवालातलं ते वाक्य त्याने स्वतः काढून टाकलं होतं आणि त्या जागी आपल्या निवेदनाची प्रत जोडली होती. पुराणिकबाईंनी ती राहू दिली होती की नाही, त्याने विचारलं नव्हतं. मीना बोलायला उठली. तिने कागद आणला नव्हता. सुधाकरच्या लक्षात आलं की आपण वाट बघतो आहोत. आता ती सांगेल. नाव घेईल किंवा घेणार नाही, दोष देईल किंवा मोठेपणा देईल, पण सांगेल. बरी असो वा वाईट, या गोष्टीत आपली एक जागा आहे. त्याने चेहरा कसा ठेवायचा तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मीना म्हणाली की लायब्ररी चार वाजता बंद होते आणि ताजपूरकडची गाडी पाच चाळीसला आहे. मधले जवळजवळ पावणेदोन तास गावाकडून येणाऱ्या पन्नासएक मुली स्टेशनवर बसून काढतात. लायब्ररी सव्वापाचपर्यंत उघडी राहिली तर त्याच वेळात अभ्यास होईल, ग्रंथपालांशी बोलणं झालं आहे, ते तयार आहेत. सुधाकरने चमकून शेजारी पाहिलं. गोपाळ समोर बघत होता. मग ती म्हणाली, हजेरीची यादी आता अक्षरांच्या क्रमाने बनते, हे चांगलं झालं. एक वाक्य. लगेच पुढे नळांचं सुरू झालं, मुलींच्या बाजूच्या तीन नळांपैकी एकच चालतो. तिने तारखा सांगितल्या, अर्ज किती वेळा दिला ते सांगितलं. समितीतल्या बाई भराभर लिहून घेत होत्या. सुधाकरचा तो ठरवून ठेवलेला चेहरा तसाच राहून गेला, त्याचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने तिच्यासाठी काही केलं होतं, किंवा तिचं काही बिघडवलं होतं, दोन्ही खरंच होतं. पण तिच्याकडे दुसरी बरीच कामं होती.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज़ नहीं आ रही!" उन्हाळा लागला म्हणून वरचे जुने पंखे पूर्ण वेगाने सोडलेले होते आणि त्यांचा खडखडाट सगळ्या सभागृहात भरला होता. मीना थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, तिची नजर चौथ्या रांगेवर आली. "सरमंडल सर," ती माईकवरून म्हणाली, अगदी सहज, "ज़रा वो बीच वाला पंखा बंद कर दीजिए."

"हाँ, हाँ," सुधाकर म्हणाला. गोपाळच्या गुडघ्यांना वळसा घालून तो रांगेतून बाहेर पडला आणि भिंतीशी गेला. बटणं दहा-बारा होती, कशाचं कोणतं ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्याने दिवा गेला, मुलं हसली. त्याने तो पुन्हा लावला. दुसऱ्याने काहीच झालं नाही. तिसऱ्याला मधला पंखा जड होत, पाती मोजता येतील इतका मंद होत थांबला. मीनाने मागच्या रांगेला विचारलं, "अब?" मागून हात वर झाले. ती पुन्हा नळांकडे वळली. सुधाकर एक हात बटणांजवळ ठेवून तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. आणखी कुठला पंखा बंद करायला सांगितला तर जवळ असलेलं बरं.